पिठोरी अमावस्या घरी कशी करायची, आणि आईला एकटीला न राबवता

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मदर्स डेचे फोटो पडायला लागले की कोणीतरी टाकतंच, "आपला मातृदिन श्रावणातल्या अमावस्येला असतो". खरंय, पिठोरीलाच मातृदिन म्हणतात. पण गंमत बघा, अमेरिकेत ॲना जार्विसनं १९०८ मध्ये जो दिवस सुरू केला तो आपल्या वारलेल्या आईच्या आठवणीत, आणि आपल्याकडे मातृदिनाला आईच उपास धरते, आईच स्वयंपाक करते, पूजाही तीच मांडते आणि सगळं कशासाठी तर पोरांना आयुष्य मिळावं म्हणून. तेव्हा यंदा करायचं असेल तर पोरांनी थोडं हलायचं, कसं ते सांगते.

आधी तारीख. पूजा संध्याकाळची असते, त्यामुळे ज्या दिवशी सूर्यास्ताला अमावस्या असेल तो दिवस धरतात. २०२५ मध्ये अमावस्या २२ ऑगस्टला दुपारच्या आधी लागली आणि २३ ला दुपारच्या आधी संपली, म्हणून पिठोरी २२ लाच झाली. कॅलेंडरवर दोन दिवस अमावस्या दिसली की गोंधळायचं नाही, संध्याकाळ बघायची. विदर्भ-मराठवाड्याकडे त्याच दिवशी पोळा असतो, म्हणजे सकाळपासून पुरणपोळ्यांचा घाट आणि वर ही पूजा, तिथे तर मदत हवीच हवी.

पूजेची शास्त्रातली मांडणी मोठी आहे. आठ कलश, त्यावर पूर्णपात्रं (धान्यानं भरलेली ताम्हनं), ब्राह्मी, माहेश्वरी वगैरे शक्तींच्या मूर्ती, आणि तांदळाच्या राशीवर चौसष्ट सुपाऱ्या मांडून त्यात चौसष्ट योगिनींना आवाहन. मूर्ती पूर्वी पिठाच्याच करायचे. आता बहुतेक घरांत छापील चित्र मिळतं ते भिंतीला लावतात, पाटावर एक कलश ठेवतात, हळद-कुंकू, फुलं, दिवा, झालं. मला तरी त्यात काही कमी वाटत नाही. पण लहान मुलं असतील तर पिठाच्या दोनचार मूर्ती नक्की करून घ्या. तांदळाचं पीठ गार पाण्यात भिजवलं तर वाळताना तडकतं, त्यामुळे मोदकासारखी उकड काढायची, कोमट असतानाच मळायची आणि तुपाचा हात लावून बोटाएवढ्या बाहुल्या वळायच्या. नाक-डोळे आले नाहीत तरी चालतं, मुलं काहीतरी भलतंच करून ठेवतात आणि तेच छान दिसतं.

पूजा झाली की कहाणी वाचायची, आणि ती आईनं नाही तर मुलांपैकी कोणीतरी मोठ्यानं वाचायची, म्हणजे तिला जरा बसायला मिळतं. कहाणी तशी जड आहे. एका घरी दर श्रावणी अवसेला सासऱ्याच्या बापाचं श्राद्ध असायचं आणि नेमकं त्याच दिवशी सुनेला मूल व्हायचं आणि जायचं, असं सहा वर्षं झालं, सातव्या वर्षी सासऱ्यानं मेलेलं पोर तिच्या ओटीत घातलं आणि तिला रानात हाकलली. तिथे झोटिंगाची, म्हणजे एका भुताची, बायको भेटली, तिनं सांगितलं की जवळ शिवलिंग आहे, बेलाच्या झाडावर बसून राहा, रात्री देवकन्या, नागकन्या पूजेला येतील, खीरपुरीचा नैवेद्य दाखवून "अतिथ (म्हणजे अतिथी) कोण आहे?" विचारतील, तेव्हा "मी आहे" म्हण. तिनं तसंच केलं, आणि तिची सगळी मुलं तिला जिवंत परत मिळाली. दोष सगळा सुनेवर टाकणारा सासरा वाचून चिडायला होतं, पोरं विचारतातच की तिची काय चूक, त्यांना विचारू द्यावं.

नैवेद्य म्हणून खीरपुरीच करायची. पुऱ्या लाटायचं काम वाटून घ्या, तळायला एकानं उभं राहा, आणि आईचा उपास आहे हे लक्षात ठेवून तिला गॅसपुढून उठवा.

मग खरी मजा. आई खीरपुरीचं ताट डोक्यावर किंवा खांद्यावरून मागे धरते, मान अजिबात वळवायची नाही, आणि विचारते "अतिथ कोण?" मागे उभं असलेलं मूल म्हणतं "मी आहे" आणि ताट हातातून घेतं. खीर पातळ असेल तर ती थेट आईच्या केसांत जाते, म्हणून ताटात वाटी ठेवा आणि ती अर्धीच भरा. काही घरांत फक्त मुलग्यालाच पुढे करतात, माझं मत विचाराल तर मुलींनाही उभं करा, कहाणीत "मी आहे" म्हणणारी बाईच होती. चाळिशीतली पोरंसुद्धा यात रांगेत उभी राहतात आणि पहिलं कोण यावरून भांडतात. बाहेरगावी असलेल्यानं फोन स्पीकरवर ठेवून "मी आहे" म्हणायचं, ताट भावंडानं घ्यायचं (आणि खायचंही त्यानंच, त्याला इलाज नाही).

आई यानंतर उपास सोडते, तेव्हा तिला गरम पुऱ्या वाढा, उरलेल्या गार नकोत. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून पिठाच्या मूर्ती बादलीतल्या पाण्यात विरघळवून झाडांना घाला, सुपाऱ्या पुसून डब्यात, आणि भांडी अर्थातच तुम्ही घासायची.