विदर्भात बदलून आलात? गांधीलमाश्यांविषयी हे वाचून ठेवा

बदलीची ऑर्डर घेऊन सातारा, सांगली, कोकणातून इकडे येणारी मंडळी उन्हाची आणि पाण्याची चौकशी करून येतात. त्याबद्दल मी वेगळं काही सांगत नाही. कूलर घ्या, माठ घ्या, भर दुपारी बाहेर पडू नका. पण वळचणीला काय लटकलंय हे कोणी बघत नाही. मग उन्हाळ्याची सुट्टी गावाकडे काढून जूनमध्ये परतलेला कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक सुजलेला चेहरा घेऊन आरोग्य केंद्रात बसलेला दिसतो. दीड महिना घर बंद, सामान आत घ्यायची घाई, आणि पोळं नेमकं कुलपाच्या वरच्या चौकटीला.

मी मूळची साताऱ्याची, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बरीच वर्षं शिक्षिका आहे. आपल्याकडच्या लोकांना पोळं दिसलं की लगेच काहीतरी करायचं असतं. इथले घरमालक काकाजी म्हणतात, "राहू द्या न मॅडम, ते काई करत नाई." बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं. कापसा-तुरीवरच्या अळ्या याच माश्या उचलून नेतात, हे त्यांना ठाऊक असतं. मात्र कधी राहू द्यायचं आणि कधी नाही, हे आपल्याला कळायला हवं.

भिंतीवर मातीचे गोळे दिसले तर ती कुंभारमाशी. एकटी राहते, घरट्याची राखण करत नाही. खरवडून टाका, विषय संपला.

राखाडी, कागदासारखं, एका देठावर उपड्या छत्रीसारखं लटकलेलं, खालून घरं उघडी दिसणारं पोळं गांधीलमाशीचं. ती दाराच्या जुन्या लाकडावर बसून ते खरवडते. कान दिला तर कुरकुर ऐकू येते आणि लाकडावर फिकट रेघ उरते. त्याच लगद्याचं ती पोळं बांधते. अशा रेघा दिसल्या की मीटरची पेटी, न्हाणीची खिडकी, संडासाचं दार, शेतातली मोटारीची स्टार्टर पेटी आणि सांदवाडीतला (घरामागच्या मोकळ्या जागेतला) पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग बघून घ्या. मार्चमध्ये कूलर बाहेर काढाल तेव्हा चालू करण्याआधी जाळ्या उघडून आत बघा. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या टाकीवर येतात त्या पाणी प्यायला; त्यांना झटकू नका. थंडीत पोळी आपोआप मरतात असं व्हिडिओत सांगतात, ते बर्फाच्या देशांचं. आपल्याकडे त्यावर विसंबू नका.

जमिनीतल्या किंवा जुन्या मातीच्या भिंतीतल्या एकाच भोकातून मोठ्या, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या माश्यांची सारखी ये-जा असेल तर हात लावू नका. भोक बुजवलं तर त्या दुसरी वाट शोधतात, आणि ती तुमच्या खोलीत निघू शकते. जायचा-यायचा रस्ता बदला आणि कीड नियंत्रणवाला बोलवा. पाण्याच्या टाकीला लटकलेलं भलंमोठं काळपट मोहोळ आग्या माश्यांचं. त्याच्या जवळपास धूर नको, फटाके नकोत. उठल्याच तर तोंड झाकून पळा आणि घरात शिरून दार लावा. विहिरीत उडी मारू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोळं जाळू नका. बांबूला चिंधी, चिंधीला मोटारसायकलमधलं पेट्रोल, हा उद्योग एका नवीन सहकाऱ्याने भाड्याच्या घरात केला. कवेलूखालच्या, म्हणजे कौलांखालच्या लाकडी फाट्यांनी पेट घेतला. आतल्या खोलीत घरमालकाने भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस होता. त्या कुटुंबाची वर्षाची कमाई तासाभरात गेली. वरून माश्याही चावल्या, कारण बाहेर गेलेल्या माश्या त्याच जागी परत येतात. इथे घराघरात कापूस, कुटार (जनावरांसाठीचं भुसकट), तुराट्या असतात. कोणी कितीही सांगो, जाळू नका.

कपाशीवरचं औषधही मारू नका. डोक्यावरच्या पोळ्यावर मारलेलं औषध आपल्याच तोंडावर पडतं. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. तुम्ही ते बंद ओसरीत मारणार?

काढायचंच असेल तर पोळं नवं, चार-दोन घरांचं असतानाच काढा. तिन्हीसांजेनंतर, पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे आणि काच लावलेलं हेल्मेट घालून. बॅटरी हातात धरू नका, बाजूला ठेवा. माश्या उजेडाकडे येतात. भांड्यांच्या साबणाचं पाणी पिचकारीने मारा, लांब बांबूने पाडा, देठही खरवडा. मुलं आणि गोठ्यातली जनावरं आधीच लांब न्या. मुठीएवढं झालं असेल तर जाणकारालाच बोलवा.

चावलीच तर आधी बांगड्या-अंगठ्या उतरवा, सूज चढली की निघत नाहीत. साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा. गांधीलमाशीचा काटा आत राहत नाही, उगाच पिळू नका. मधमाशीचा राहतो, तो ताबडतोब खरडून काढा. चुना, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका.

ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या, धाप लागली, चक्कर आली, तर लगेच 108 ला फोन. गाडी हाताशी असेल तर थेट जवळच्या आरोग्य केंद्रात. आपली माणसं अशा वेळीही जिल्ह्याच्या ओळखीच्या खाजगी डॉक्टरकडे निघतात, सरकारी दवाखान्यावर भरवसा नाही म्हणून. तसं करू नका. ही जीवघेणी ॲलर्जी असते; तिच्यावरचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मिनिटांत मिळावं लागतं, आणि वाटेत ते कोणी देत नाही. आणि एकदम बऱ्याच माश्या चावल्या असतील तर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि पुढचे काही दिवस लघवीचा रंग बघा. ती चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर मूत्रपिंडाला त्रास झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.