बोंगा दिसण्याआधी: हापूसच्या मोहोरासाठी दिवाळीनंतरचा सल्ला

कलमाच्या शेंड्यावरचा बोंगा, म्हणजे फुगलेला डोळा (अंकुर), टपोरा दिसायला लागतो, तेव्हा त्यातून मोहोर निघणार की पालवी हे बहुतेक ठरून गेलेलं असतं. त्यामुळे दिवाळीनंतरच्या या दीड-दोन महिन्यांत बागायतदाराच्या हातात जे काही आहे, ते बोंगा दिसण्याआधीचं. पुढे उरते ती राखण.

हे ठरवतं पान. रात्री थंड होऊ लागल्या की जून, म्हणजे पक्व झालेल्या, पानांत एक प्रथिन जास्त तयार होतं आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून शेंड्याच्या डोळ्यापर्यंत जातं. तिथे ते फुलाचा कारभार चालवणारी जनुकं जागी करतं. पानातून फुलाचा निरोप जात असावा ही कल्पना वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच मांडली आणि त्या निरोपाला 'फ्लोरिजेन' असं नाव दिलं. पण तो निरोप म्हणजे नेमकं कुठलं प्रथिन, याचा पुरावा मिळायला २००७ साल उजाडलं. आंब्यात पानाचं महत्त्व साध्या प्रयोगातूनही दिसतं. ऐन थंडीत एका फांदीची खालून गोल साल काढायची, म्हणजे बाकीच्या झाडाच्या पानांकडून तिला काही मिळत नाही, आणि तिची सगळी पानं खुडायची. थंडी तीच, झाड तेच, पण त्या फांदीवर मोहोराऐवजी पालवी येते.

या निरोपाला आडवा येतो तो जिबरेलिन हा वाढीचा संप्रेरक. कोवळ्या काडीत तो भरपूर असतो. काडी चार-पाच महिन्यांची होऊन जून झाली की त्याचा जोर ओसरतो, आणि मग थोड्या थंडीवरही डोळा फुलाकडे वळतो. आपल्या किनारपट्टीवर हे फार कामाचं आहे, कारण समुद्र जवळ असल्यामुळे रात्री कडाक्याच्या थंड अशा क्वचितच होतात. पारा १५-१६ अंशांवर आला तरी आपण शाल शोधतो! थंडी आपल्या हातात नाही; पालवी जून करणं मात्र बऱ्यापैकी आहे.

तेव्हा आधी बागेत फिरून पालवी कुठवर आली आहे ते बघा. तांबूस म्हणजे अगदी कोवळी, पोपटी म्हणजे अर्धवट, गर्द हिरवी म्हणजे जून. रंगावरून खात्री होत नसेल तर पान मुठीत चुरगळा. जून पान कडकड मोडतं, कोवळं नुसतं दुमडतं. एकाच कलमावर दोन्ही प्रकारच्या काड्या सापडतात, आणि मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो त्यामागे बरंचसं हेच असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेली पालवी तुडतुड्यांपासून सांभाळणं म्हणजे मोहोराची पहिली तयारी. कोवळ्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो, किडीची सोंड सहज आत जाते, आणि रस शोषलेलं पान वेळेवर जून होत नाही. पालवीवर तुडतुडे दिसत असतील तर डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, १० लिटर पाण्यात ९ मिली, अशी फवारणी करतात. खोडावर आणि फांद्यांच्या बेचक्यांतही फवारा. दिवसा तुडतुडे तिथे दडलेले असतात. पुढच्या फवारण्यांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं चालू वर्षाचं वेळापत्रक बघा. औषधं बदलत असतात, शेजाऱ्याची मागच्या वर्षीची चिठ्ठी धरून चालू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुळांना ओल मिळत राहिली की झाडाला पुन्हा पालवी काढायची घाई होते. जमीन सुकली की मुळांकडून वर जाणारे संदेश बदलतात, पानांची रंध्रं लवकर मिटतात, वाढ थांबते आणि आहे ती काडी जून होत राहते. देवगड-विजयदुर्गच्या कातळावरची कलमं पुष्कळदा आधी मोहोरतात त्यामागे हेच आहे: जांभा पाणी धरत नाही, ताण लवकर बसतो. म्हणून कलमांखालचं गवत काढून बुंध्याभोवती साफ करा, म्हणजे जमीन लवकर सुकेल. मोठ्या, फळं देणाऱ्या कलमांना आता पाणी नको आणि नत्राचं खतही नको. दोन-तीन वर्षांच्या नव्या लागवडीला हा नियम लावू नका, तिला पाणी हवंच. ऐन नोव्हेंबरात अवकाळी सर आली आणि नवी पालवी फुटली, तर त्या काड्यांकडून यंदाच्या पहिल्या मोहोराची आशा सोडलेली बरी.

मोहोर लवकर यावा म्हणून आळ्यात ओततात त्या कल्टार या औषधाबद्दल दर वर्षी या दिवसांत विचारणा होते. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही, म्हणून ते मोहोर लवकर आणतं. पण मुळांनी ते घेऊन शेंड्यापर्यंत परिणाम दिसायला तीनेक महिने जातात, म्हणून त्याची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आता नोव्हेंबरात आळ्यात ओतलेलं कल्टार यंदाच्या मोहोराला उपयोगी नाही. ते जमिनीत राहून पुढच्या वर्षीच्या वाढीच्या मात्र आड येतं. माझं मत विचाराल तर अशक्त कलमांना, आणि खताची सोय नसताना, ते जुलैतही देऊ नये. मोहोर आणला तरी फळं पोसायची ताकद झाडालाच लावावी लागते.

'मोहोर काढणारं' म्हणून विकलं जाणारं पोटॅशियम नायट्रेटही असंच तपासून घ्या. फिलिपिन्समध्ये शास्त्रज्ञ रॅमोन बार्बा यांनी १९७० च्या दशकात ते तिथल्या आंब्यावर यशस्वी करून दाखवलं, हे खरं. पण ते झोपलेला डोळा जागा करतं. त्यातून काय निघेल हे काडीचं वय आणि रात्रीची थंडी ठरवते. कोवळ्या काडीवर मारलंत तर पैसे देऊन पालवी विकत घेतल्यासारखं होईल.

आता बोंगा. नुसत्या पालवीचा डोळा बारीक आणि टोकदार असतो, मोहोराचा जाड, गोलसर. एखादा बोंगा सोलून बघायला हरकत नाही: खवल्यांच्या बगलेत बारीक हिरवे मणी दिसले तर मोहोर. कधीकधी एकाच तुऱ्यात खाली पानं आणि वर फुलं येतात. डोळा फुटत असताना मध्येच हवा गरम-थंड झाल्याची ती खूण आहे, रोग नव्हे. असे तुरे छाटू नका.

मोहोर बाहेर पडला की मळभ आणि पहाटेचं दव यांच्यावर नजर ठेवा. भुरी आणि करपा हे मोहोराचे बुरशीजन्य रोग. भुरीच्या बीजाणूला रुजायला पाण्याचा थेंबही लागत नाही, दमट थंड हवा पुरते. करप्याला मात्र ओलावा टिकावा लागतो. दोन-तीन दिवस मळभ राहिलं तर भुरीसाठी पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, फुलं उमलण्याआधी मारून घ्या. फुलं उमलली की कीटकनाशक थांबवा. हापूसला परागीभवनासाठी माश्या लागतात, आणि दुसऱ्या जातीचे पराग मिळाले तर फळधारणा सुधारते. नवी बाग लावणाऱ्यांनी मधूनमधून केशर, रत्ना किंवा गोवा मानकूरची कलमं ठेवावीत. रात्री फारच थंड असतील तर पराग नीट रुजत नाहीत आणि भरघोस मोहोर असूनही कणी (अगदी बारीक फळ) धरत नाही. त्या मोहोरावर फवारण्या वाढवून काही साधत नाही.

जानेवारीत थंडी लांबली की पुनर्मोहोराचा त्रास सुरू होतो. फळं धरलेल्या काडीवरच नवा तुरा निघतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची कणी गळते. इथे मात्र जिबरेलिन आपल्या बाजूचं. ऑगस्टात जे अडवायचं, तेच जानेवारीत फवारायचं, कारण आता आपल्याला नवा मोहोर नको आहे. प्रमाण ५० पीपीएम, म्हणजे १ ग्रॅम जिबरेलिक ॲसिड २० लिटर पाण्यात. भुकटी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवून मग पाण्यात मिसळा. मोहोर पुरेसा आला आहे आणि फळधारणा झाली आहे अशाच कलमांवर ही फवारणी करा. ज्यांना अजून पहिला मोहोरच आलेला नाही त्यांच्यावर उडू देऊ नका, नाहीतर तिथला येणारा मोहोरही अडेल. म्हणून बागेत आधी फिरून अशा कलमांच्या बुंध्याला चुन्याची खूण करून ठेवा आणि फवारणाऱ्या गड्याला ती दाखवा.

कैरी वाटाण्याएवढी झाली की ताणाचा हिशेब संपला. तिथून गोटी आणि अंड्याएवढी होईपर्यंत, सोय असेल तिथे, दर कलमाला १५ दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी द्या आणि आळ्यात वाळलेलं गवत पसरा. याच तीन अवस्थांत १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी फळगळ कमी करायला उपयोगी पडते. मोहोर काढायला आणलेलं पाकीट घरात पडून असेल, तर ते इथे वापरा.