रूपामुळे नाकारलेल्या पात्राचे वाचन गावात कसे घ्यावे

गावातील वाचनालयात किंवा सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर मंदिराच्या सभामंडपात असे वाचन ठेवायचे असेल, तर कापसाची वेचणी संपल्यानंतरचे दिवस निवडावेत. दिवसभर वेचून थकलेल्या बायांना तेव्हाच निवांत बसता येते, आणि त्यांच्याशिवाय हे वाचन अपुरे राहते, कारण मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात रंगावरून नकार ऐकण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकींच्या गाठीशी असतो.

आरंभ चोखोबांच्या अभंगाने करावा. बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव मानले जाते, त्यामुळे ते आपल्याच विदर्भातले. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हा चरण पुष्कळांना पाठ असतो, तरी चोखोबा स्वतःलाच डोंगा, म्हणजे वाकडा, म्हणवून घेतात तिथपर्यंत अभंग पूर्ण म्हणावा. त्यांना नाकारले गेले ते शरीरामुळे नव्हे, जातीमुळे, हे त्याच वेळी स्पष्ट सांगावे. नाही तर त्यांच्यावर झालेला अन्याय सौम्य करून सांगितल्यासारखे होईल.

त्यानंतर मेरी शेली यांच्या 1818 सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीतील आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग सोप्या मराठीत सांगावा. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. शास्त्रज्ञाने घडवलेल्या त्या जीवाचे रूप आधी मुळीच वर्णू नये. तो एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो आणि एके दिवशी म्हातारा एकटा असताना आत जाऊन त्याच्याकडे आसरा मागतो, एवढेच सांगावे. म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. मग मुलगा परततो आणि त्याला काठीने झोडपतो. तो मुलाला सहज फाडू शकला असता, पण हात उचलत नाही. रूपाचे वर्णन यानंतर वाचावे आणि विचारावे, "बापाने काय ऐकले आणि मुलाने काय पाहिले?" या प्रश्नाला पुरेसा वेळ द्यावा, उत्तर आपण सुचवू नये.

पुढे हाच जीव एका लहान मुलाचा खून करतो आणि त्यापायी त्या मुलाच्या घरी काम करणाऱ्या निरपराध जस्टिनला फाशी होते, हेही लपवू नये. करुणा वाटणे म्हणजे गुन्हा माफ करणे नव्हे, आणि श्रोते हा भेद नीट करतात.

कुब्जेची किंवा अष्टावक्राची कथा कोणी काढल्यास जरूर ऐकावी. मात्र दोघांचेही शरीर कथेत शेवटी सरळ होते, म्हणून वाचनाचा शेवट तिथे करू नये. माझ्या मते अशा शेवटामुळे ऐकणारा त्या माणसाला आहे तसा स्वीकारण्याऐवजी त्याच्या बदलण्याची वाट पाहत राहतो.

गावातील कोड असलेल्या, भाजलेल्या किंवा अपंग व्यक्तीचे उदाहरण कदापि देऊ नये, ती व्यक्ती समोर नसली तरीही. तिला स्वतःहून बोलायचे असेल तर मध्ये न तोडता ऐकावे.

वरोऱ्याजवळील आनंदवन हा कुष्ठरुग्णांसाठीचा आश्रम आपल्याकडे सर्वांना ठाऊक असल्यामुळे बोलणे कुष्ठरोगाकडे वळण्याची शक्यता असते. तेव्हा हा रोग बरा होतो, लवकर उपचार घेतल्यास विकृती टळते, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते, हे सांगावे. त्यामुळे अशा व्यक्तीसाठी वेगळी सतरंजी टाकण्याचे काहीही कारण उरत नाही.