सुटका झालेल्या बांगलादेशी मुलीसाठी सार्क करार कसा वापरायचा

छाप्यातून सुटलेली बांगलादेशी मुलगी आपल्या संस्थेत आली, की सगळ्यात आधी एफआयआर वाचा. पुण्यातल्या बुधवार पेठेच्या वेश्यावस्तीत काम करताना नव्या कार्यकर्त्यांना मी पहिलं काम हेच देते. तिच्यावर पिटाचं, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं, आठवं कलम (गिऱ्हाईक बोलावण्याचा गुन्हा) किंवा पासपोर्ट नसल्याचा गुन्हा लागला असेल, तर कागदावर ती आरोपी आहे, आणि तिला निवारागृहाऐवजी तुरुंगात जावं लागू शकतं.

अशा वेळी सार्क करार, म्हणजे वेश्याव्यवसायासाठीची तस्करी रोखायला दक्षिण आशियाई देशांनी केलेला करार, हाताशी ठेवा. ५ जानेवारी २००२ रोजी काठमांडूत सात देशांनी त्यावर सह्या केल्या, १५ नोव्हेंबर २००५ पासून तो लागू झाला. वेश्याव्यवसायासाठी बायका-मुलांची ने-आण, खरेदी-विक्री म्हणजे तस्करी, मग त्यांची संमती असो वा नसो, असं त्यात म्हटलंय. ‘ती स्वतःहून आली’ असं कुणी म्हणालं, की ही व्याख्या अर्जात उतरवा. नुसत्या करारावर आपलं कोर्ट चालत नाही. म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाचं १ मे २०१२ चं पत्रही जोडा. परदेशी बाई किंवा मूल स्वतःच्या इच्छेने आलेलं नाही असं तपासात दिसलं, तर त्यांच्यावर आरोपपत्र ठेवू नये, असं त्यात राज्यांना कळवलंय.

वय अठराच्या आत असेल, तर चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्या. सज्ञान असेल, तर पिटाच्या सतराव्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट चौकशी करतात.

सगळ्यात जास्त वेळ पत्त्यावर घालवा. दलालाने पढवलेला पत्ता बहुतेकदा कोलकात्याचा असतो. तिला खोटारडी म्हणू नका, ती घाबरलेली असते. बांगला बोलणारी बाई शेजारी बसवा आणि पोलिसी प्रश्न टाळा. शाळेचं नाव काय, हाट कोणत्या वारी भरतो, नदी कोणती, युनियनचा (तिकडच्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचा) चेअरमन कोण? अशा उत्तरांतून जिल्हा, उपजिल्हा, पोलीस ठाणं सापडतं. ही माहिती नीट असली, तरच मुंबईतल्या बांगलादेश उपउच्चायुक्तालयामार्फत नागरिकत्वाची पडताळणी आणि प्रवास परवाना पुढे सरकतो. मग परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी. अनेकींना पेट्रापोल-बेनापोल सीमेवर सोपवलं जातं.

या सगळ्याला महिनोन्‌महिने लागतात. तोवर तिची देखभाल, कायदेशीर सल्ला आणि उपचार ही सरकारची जबाबदारी आहे, असं करारच सांगतो. औषधाला किंवा वकिलाला नकार मिळाला, तर तो लेखी मागा.

घरकामाला किंवा वीटभट्टीवर विकलेली मुलगी या करारात बसत नाही. मला ही त्याची मोठी उणीव वाटते. तिथे भारतीय न्याय संहितेचं तस्करीबद्दलचं १४३ वं कलम लावायला सांगा.

ती जाण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे तिचा जबाब नोंदवून घ्या, नाहीतर साक्षीसाठी तिला वर्षानुवर्षं इथेच अडकवून ठेवतात. खटल्याचा नंबर बांगलादेशातल्या संस्थेला द्या. पुढे व्हिडिओवरून साक्ष घ्यायला तो लागेल.