मागचे माउंट नवे, तरी होडी थरथरायची

आमची फायबरची होडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. पावसाळी बंदीत ती वर ओढलेली असतानाच मी इंजिनाचे मागचे दोन्ही माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बदलले. बंदी उठल्यावर गिअर टाकला, तर अख्खी होडी थरथरली आणि शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा होडीबाहेर जातो तिथल्या पाणीरोधक सीलमधून) पाणी येऊ लागलं.

शोधलं तेव्हा कळलं, पुढच्या जोडीसाठीचे माउंट मागे लागले होते. दिसायला सारखेच, रबराच्या कडकपणाचा आकडा मात्र वेगळा. मागे गिअरबॉक्सचंही वजन येतं.

चेनब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) इंजिन उचलून ते बदलले. होडी पाण्यातच ठेवली, कारण जमिनीवर बॉडीचा आकार थोडा बदलतो. दोन दिवस वजन रबरावर बसू दिलं. मग गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढून त्याच्या दोन चकत्यांमध्ये वर-खाली, डावी-उजवीकडे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. 100 मिमी व्यासाच्या कपलिंगला फटीत 0.1 मिमीपर्यंत फरक चालतो, माझा 0.6 निघाला! इंजिन वर-खाली करणारे माउंटचे नट पाव-पाव फेरा फिरवत संध्याकाळ गेली. वरचा लॉकनट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरायचा, नाहीतर रबर पिळलं जातं. आवळल्यावर पुन्हा मोजलं.

थरथर गेली. माउंटवर ठिबकणारा डिझेलचा पाइपही लगेच बदलला, डिझेलने रबर फुगतं.