गिटार सुरात लावली, तरी वर कणसूर? इंटोनेशनचा दोष असा शोधा

मोकळ्या तारा ट्यूनरवर नेमक्या लावल्या, खालचे कॉर्ड छान लागले, आणि बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) तोच कॉर्ड धरला की कानाला बोचतो. हा इंटोनेशनचा दोष, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर न लागणं. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ येते. मग हात आपोआप ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागावरच्या) स्क्रूकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो स्क्रू सर्वांत शेवटी फिरवा. आधीच्या गोष्टी तपासल्याशिवाय सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकवणारा छोटा सरकता तुकडा) हलवली, तर एक दोष झाकण्यासाठी दुसरा तयार होतो.

मुळात हे घडतं का? तारेची लांबी निम्मी केली की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणून बारावा फ्रेट नट (नेकच्या टोकाकडची खाचांची पट्टी) आणि ब्रिज यांच्या मधोमध असतो. स्ट्रॅटोकास्टर या गिटारची स्केल लांबी, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, 648 मिलिमीटर, म्हणजे नटापासून बारावा फ्रेट 324 मिलिमीटरवर. पण बोटाने दाबताना तार फ्रेटपर्यंत खाली वाकते, थोडी ताणली जाते, आणि ताण वाढला की सूर चढतो. हा चढ भरून काढण्यासाठी प्रत्येक तार हिशेबापेक्षा किंचित लांब ठेवावी लागते. जाड तार जास्त ताठ असते, तिला ही वाढीव लांबी जास्त लागते. म्हणून नीट लावलेल्या गिटारच्या सॅडल एका रेषेत नसतात, पायऱ्यांसारख्या दिसतात. पहिल्या, सर्वांत बारीक तारेपासून तिसऱ्या तारेपर्यंत त्या मागे मागे जातात. चौथ्या तारेला वेढे असतात आणि तिचा गाभा बारीक असतो, त्यामुळे तिची सॅडल पुन्हा पुढे येते, आणि तिथून सहावीपर्यंत परत मागे.

आधी तारा पाहा

तारेच्या खालच्या बाजूने, फ्रेटच्या वर येणाऱ्या भागावर नख फिरवा. बारीक खळगे लागले तर तार संपली. घाम, मळ आणि फ्रेटची घासणी यांनी तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, आणि अशी तार कुठल्याच सॅडलवर सुरात येत नाही. मी एकदा अख्खी दुपार तिसऱ्या तारेची सॅडल मागेपुढे करण्यात घालवली होती. ट्यूनर दर वेळी वेगळं काहीतरी दाखवत होता. संध्याकाळी नवीन तार चढवली आणि पहिल्याच मोजणीत फरक दोन सेंटवर आला (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या स्वरांतराचा शंभरावा भाग).

नेहमी वापरता त्याच जाडीच्या नवीन तारा लावा. प्रत्येक तार बोटांनी हलकेच वर खेचून पुन्हा सुरात लावा, आणि ती उतरायची थांबेपर्यंत हेच करत राहा. मग ब्रिजपाशी, सॅडलच्या अगदी पुढे, तार अंगठ्याने खाली दाबा. नवीन तार तिथे गोलाई घेऊन उभी असते. ती सरळ बसली नाही तर मोजमाप फसवं येतं.

नेक आणि तारांची उंची

तार फ्रेटपासून जितकी उंच, तितकी दाबताना जास्त ताणली जाते. त्यामुळे उंची आधी, इंटोनेशन नंतर. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट पाहा. साधारण पाव मिलिमीटर फट चांगली. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) घट्ट करायचा, अजिबात नसेल तर सैल. एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. रॉड अडला तर जोर लावू नका, गिटार जाणकार कारागिराकडे न्या.

मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर उंची मोजा. सहाव्या तारेखाली दोन आणि पहिल्या तारेखाली दीड मिलिमीटरच्या आसपास बहुतेकांना सोयीचं पडतं. ज्या उंचीवर रोज वाजवणार आहात, तीच आता कायम करा.

सूर कुठे बिघडतो ते ऐका

हा भाग घाई न करता करावा, कारण दोषाची जागाच त्याचं कारण सांगते.

पहिल्या तीन फ्रेटवर सूर चढा आणि बाराव्यावर बरोबर, असं असेल तर नटाच्या खाचा उंच आहेत. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर डोळा लावा. तार आणि फ्रेट यांच्यात कागदाएवढी फट दिसली पाहिजे. फट ठळक दिसत असेल तर खाच खोल करावी लागेल. त्यासाठी तारेच्या जाडीची खास कानस लागते, आणि खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटवर खरखरते. पहिल्यांदा करत असाल तर हे काम कारागिरावरच सोपवा. हा दोष सॅडलने जात नाही.

वरच्या फ्रेटवर जाड तारा डळमळल्यासारख्या वाजतात, एकाच सुरात दोन सूर ऐकू येतात, ट्यूनरचा काटा स्थिर होत नाही. तेव्हा पिकअप (तारांखालचं, त्यांचं कंपन टिपणारं चुंबकी उपकरण) तारांच्या फार जवळ आहे. त्यातलं चुंबक तारेला ओढतं आणि तिचं कंपन बिघडवतं. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये हे जास्त होतं. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिच्या आणि चुंबकाच्या मधलं अंतर निदान दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा आणि पुन्हा ऐका.

कधी सूर चढा, कधी बरोबर, असं होत असेल तर आपल्याच बोटांकडे पाहावं. उंच फ्रेटवर तार लाकडापर्यंत दाबली, किंवा कॉर्ड धरताना नकळत बाजूला ओढली, तर कितीही उत्तम गिटार कणसूर वाजते.

आता सॅडल

गिटार वाजवताना धरता तशी मांडीवर घ्या. टेबलावर आडवी ठेवून केलेलं माप हातात घेतल्यावर बदलतं. नेककडचा पिकअप निवडा आणि टोनचा नॉब कमी करा, म्हणजे ट्यूनरला मूळ सूर स्वच्छ मिळतो. स्ट्रोब ट्यूनर (जास्त अचूक प्रकारचा ट्यूनर) असेल तर उत्तम.

1. मोकळी तार खालून वर आणत नेमक्या सुरात लावा. उतरवत लावली तर नटात अडकलेला ताण नंतर सुटतो.
2. तीच तार बाराव्या फ्रेटवर रोजच्या दाबाने धरून हलकेच छेडा. पहिला ठोका चढा असतो, तो ओसरल्यावरच काटा वाचा.
3. सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून लांब न्या. उतरलेला असेल तर पुढे, नेककडे.
4. मोकळी तार पुन्हा सुरात लावा आणि परत मोजा.

सॅडल किती हलवायची याचा अंदाज असू द्या. 648 मिलिमीटरच्या स्केलवर सॅडल 1 मिलिमीटर सरकली की मोकळी तार आणि बारावा फ्रेट यांच्यातला फरक सुमारे अडीच ते पावणेतीन सेंटने बदलतो. 5 सेंटचा चढ असेल तर साधारण 2 मिलिमीटर मागे. दोन्ही सूर एका-दोन सेंटच्या आत आले की ती तार सोडून पुढच्या तारेकडे वळा.

ब्रिजच्या प्रकाराप्रमाणे थोडं बदलतं. स्ट्रॅटोकास्टरवर सॅडल मागे जायची जागा संपली तर स्क्रूवरची स्प्रिंग थोडी कापून छोटी करता येते. ट्यून-ओ-मॅटिक प्रकारच्या ब्रिजवर सॅडल उलटी बसवली की थोडी जागा मिळते. फ्लॉइड रोझ प्रकारच्या ब्रिजमध्ये तार पूर्ण सैल करूनच सॅडलचा स्क्रू सोडायचा, एका वेळी एकच तार. जुन्या पद्धतीच्या टेलिकास्टर गिटारवर तीनच सॅडल असतात, एकीवर दोन तारा. तिथे दोघींचा मध्य साधावा लागतो. एक तार दोन-तीन सेंट चढी आणि दुसरी तितकीच उतरलेली राहिली तर ते मान्य करावं.

सगळं मोजमाप जुळूनही ई मेजर कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेवरचा जी शार्प खटकत असेल, तर कान चुकत नाही. गिटारचे फ्रेट समान स्वरांतरांवर बसवलेले असतात आणि त्यातला गंधार (ई मेजरमध्ये हाच जी शार्प) शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. तो खटका घालवायला तिसरी तार कानाने उतरवली, तर ई गोड लागतो आणि सी मेजरमध्ये तीच मोकळी तार पंचम म्हणून उतरलेली ऐकू येते. अशा वेळी सॅडलला हात लावू नका. सहाही तारा पुन्हा ट्यूनरवर लावा आणि ई, सी, जी असे तीन कॉर्ड एकामागून एक सावकाश वाजवून पाहा.