सुट्या पानांच्या चहाची चव कशी पारखावी

सुट्या पानांचे चार-पाच निरनिराळे चहा आणून ते वेगवेगळ्या दिवशी प्यायले, तर मनात ‘हा आवडला, तो नाही आवडला’ एवढाच निवाडा उरतो, कारण चवीची आठवण फार लवकर पुसट होते. फरक खऱ्या अर्थाने कळतो तो चहा शेजारी-शेजारी ठेवून, एकाच मापाने तयार करून, दूध-साखरेशिवाय चाखल्यावर. असे करताना कोणता गुण पानाचा आणि कोणता आपल्या पाण्याचा, वेळेचा किंवा मापाचा, हे वेगळे काढता येते. माझ्या मते चहा पारखण्यातले निम्मे कौशल्य याच वेगळे काढण्यात आहे.

पहिली पायरी: चहांची निवड

पांढरा, हिरवा, हिरव्या-काळ्याच्या मधला उलाँग, काळा आणि पु-अरसारखा आंबवलेला असे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. पान किती कोमेजू दिले, त्याचे ऑक्सिडीकरण (हवेतल्या ऑक्सिजनने पान काळवंडत जाणे) कुठवर होऊ दिले आणि ते उष्णतेने कधी थांबवले, यावर प्रकार ठरतो. म्हणून पहिल्या बैठकीसाठी एकाच प्रकारचे चार चहा न घेता चार प्रकारांतला एकेक घ्यावा, म्हणजे प्रक्रियेचा परिणाम ठळकपणे जाणवतो. चारांहून अधिक चहा एका वेळी घेऊ नयेत. तुरटपणा तोंडात साठत जातो आणि पाचव्या पेल्याला न्याय मिळत नाही. जाई किंवा बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचा सुगंध दिलेले चहा या बैठकीत नकोत, कारण त्यांचा वास शेजारच्या पेल्यांवरही पसरतो.

दुसरी पायरी: पाणी, भांडी आणि वजनकाटा

पाणी ताजे आणि बेताच्या क्षारांचे असावे. जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि चव बोथट होते, तर क्षार जवळजवळ पूर्ण काढलेल्या पाण्यातला चहा मला सपाट लागतो. पेले आतून पांढरे आणि सगळे एकाच आकाराचे असावेत, नाहीतर रंगाची तुलना फसवी ठरते.

वजनकाट्याबाबत मात्र मी आग्रही आहे. चमच्याने मोजलेला सुट्या पानांचा चहा तुलनेच्या कामाचा नसतो. पांढऱ्या चहाच्या लांब, लवदार कळ्या चमच्यात पोकळ बसतात आणि वजनाला अगदी कमी भरतात. उलट घट्ट गोळ्यांसारखा वळलेला उलाँग त्याच चमच्यात कितीतरी जास्त मावतो. मग पहिला पाणचट आणि दुसरा जहाल लागतो, आणि आपण तो दोष चहाच्या माथी मारतो. ग्रॅमचा दशांश दाखवणारा साधा काटा असला की हा गोंधळ मुळातच टळतो.

तिसरी पायरी: कोरडे पान

पाकिटावरील मोठाल्या अक्षरांवर विसंबू नये. ‘एफटीजीएफओपी’सारखी श्रेणी पानाचा आकार आणि त्यातील कळ्यांचे प्रमाण सांगते, चव सांगत नाही. त्याऐवजी रिकामे भांडे गरम पाण्याने विसळून, पाणी ओतून टाकून, त्या उबदार भांड्यात पाने घालावीत, झाकण ठेवावे आणि अर्ध्या मिनिटाने वास घ्यावा. थंड पाकिटात न जाणवलेला सुगंध इथे उघड होतो, आणि जुनाट झालेला चहाही इथेच ओळखू येतो.

चौथी पायरी: एकच माप, दोन फेऱ्या

चहा चाखण्यासाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, ताजे उकळते पाणी आणि 6 मिनिटे असे प्रमाण आहे. हे प्रमाण रुचकर पेल्यासाठी नसून सर्व चहांना सारखी कसोटी लावण्यासाठी आहे, त्यामुळे हिरवा चहा यात कडवट लागला तर बिचकू नये. पहिली फेरी या मापाने करावी. प्रत्येक चहाचा कणखरपणा आणि दोष दोन्ही उघडे पडतात.

दुसऱ्या फेरीत वजन तेच ठेवून प्रत्येक चहाला त्याच्या सोयीचे तापमान द्यावे आणि वेळ दोन-तीन मिनिटांवर आणावी. सेंचा या जपानी हिरव्या चहाला 70 ते 80 अंश सेल्सिअस, पांढऱ्या चहाला 80 ते 85, उलाँगला 90 ते 95 आणि काळ्या चहाला जवळजवळ उकळते पाणी ठीक असते. यामागचे कारण असे की गोडसर, रसाळ चव देणारे थिअनिन हे अमिनो आम्ल कोमट पाण्यातही सहज उतरते, तर कडवटपणा आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिन व कॅफिन ही द्रव्ये पाणी जितके तापलेले तितकी अधिक उतरतात. ग्योकुरो हा जपानी हिरवा चहा तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे सावलीत वाढवतात, त्यामुळे त्याच्या पानात थिअनिन टिकून राहते. म्हणून त्याला 50 ते 60 अंशांचे पाणी पुरते. एकाच सेंचाचा उकळत्या पाण्यातला आणि 70 अंशांचा पेला शेजारी ठेवून पाहावा. दोन वेगळे चहा असावेत इतका फरक पडतो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष चाखणे

चहा थोडा निवू द्यावा. 65 अंशांहून गरम पेये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये बहुधा कर्करोगकारक ठरवली आहेत, आणि चटका बसलेल्या जिभेला बारकावे कळतही नाहीत. मग चमचाभर चहाचा मोठ्याने भुरका मारावा. यात संकोच करू नये, कारण हवेबरोबर चहाचे तुषार तोंडभर पसरतात आणि सुगंध घशामागून नाकात पोहोचतो. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा आणि मग नाक सोडावे. ज्याला आपण चव समजतो त्यातला केवढा भाग वास आहे, ते त्या क्षणी कळते. जिभेच्या टोकावर गोड आणि मागे कडू असा नकाशा मनातून काढून टाकावा, सर्व चवी जिभेच्या सर्व चवग्राही भागांत कळतात.

कडू आणि तुरट यांतला फरक ओळखणे हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. कडूपणा ही चव आहे; तुरटपणा हा स्पर्श आहे. चहातील पॉलिफिनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि गालांच्या आतील बाजू कच्चे केळे खाल्ल्यासारख्या आखडतात. चांगल्या काळ्या चहात हा तुरटपणा स्वच्छ असतो आणि लवकर ओसरतो. वाईट चहात तो जिभेवर बसून राहतो.

निरनिराळ्या चहांबाबत माझ्या नोंदी

चीनच्या फुजियान प्रांतातील फुदिंगचा ‘सिल्व्हर नीडल’ (चांदीची सुई) हा पांढरा चहा पहिल्या घोटाला जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि घाईत पिणारे इथेच त्याला नापास करतात. पेला कोमट झाल्यावर त्यात सुक्या गवताचा आणि खरबुजाचा गोडवा येतो, म्हणून तो सर्वांआधी चाखावा आणि सर्वांत शेवटी पुन्हा. चीनमधल्याच हांगझौचा लोंगजिंग हा हिरवा चहा कढईत भाजून सुकवतात, त्यामुळे त्याला भाजलेल्या चेस्टनटचा खमंगपणा असतो; वाफवलेल्या सेंचात तो नसतो, तिथे हिरव्या गवताची आणि समुद्री शेवाळाची चव येते.

दार्जिलिंगच्या पहिल्या बहराचा, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा काळा म्हणून विकला जात असला तरी पाने पुष्कळ कोमेजवल्याने त्यांचे ऑक्सिडीकरण अपुरे राहते, आणि पेल्यात हिरवट, फुलांसारखी तरतरी मिळते. मे-जूनच्या दुसऱ्या बहरात द्राक्षाचा जो खोल सुगंध येतो, त्यात पानांचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचाही हात असतो, कारण त्यांच्या दंशाला झाड सुगंधी द्रव्ये निर्माण करून उत्तर देते. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा उलाँगही असाच घडतो. मला दुसरा बहर अधिक आवडतो. पहिल्याची तरतरी मोहक असली तरी तोंडात टिकत नाही. आसामचा सुट्या पानांचा चहा याच्या दुसऱ्या टोकाला आहे: भरीव आणि भाजलेल्या धान्याच्या गोडव्याचा.

पाइनच्या लाकडाच्या धुरात सुकवलेला लापसांग सूचाँग हा काळा चहा नेहमी अखेरीस ठेवावा, त्याच्यानंतर दुसरे काही कळत नाही. पिकवलेल्या, म्हणजे ओलसर ढिगात लवकर आंबवलेल्या पु-अरची आजची पद्धत 1973 च्या सुमारास चीनमधील कुनमिंगमध्ये विकसित झाली. ओली माती आणि जुने लाकूड यांची त्याची चव प्रथम दचकवते, पण त्यात तुरटपणा जवळपास नसतो.

उलाँगचा अंदाज एका पेल्यावरून बांधू नये. 100 मिलिलिटरच्या लहान भांड्यात 5 ते 6 ग्रॅम पाने घेऊन त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून 20-30 सेकंदांचे पाच-सहा अर्क काढावेत. चीनमधील आन्शीच्या तिएगुआनयिन या उलाँगची घट्ट वळलेली पाने पहिल्या अर्कात धड उलगडलेलीही नसतात, आणि ऑर्किडचा सुगंध मला बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या अर्कात पूर्ण मिळतो.

सहावी पायरी: नोंद आणि पडताळा

वहीत आधी तोंडाला जाणवलेले लिहावे, म्हणजे जाड की पातळ, तुरट की मऊ, घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकली. फळाफुलांच्या उपमा नंतर. नाव माहीत असले की अपेक्षा चाखू लागते, म्हणून पेल्यांखाली क्रमांक चिकटवून कुणाकडून तरी त्यांची अदलाबदल करून घ्यावी. याहून कठोर कसोटी तीन पेल्यांची आहे. दोन पेल्यांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा कोणता ते न पाहता सांगायचे. दोन चहांतला फरक अनेक फेऱ्यांत असा ओळखता आला नाही, तर त्या दोहोंविषयी वहीत लिहिलेली वेगवेगळी विशेषणे खोडून टाकावीत आणि जास्त किमतीचा चहा पुन्हा आणू नये.

उरलेली पाने हवाबंद, अपारदर्शक डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावीत. हिरवा चहा काही महिन्यांत संपवावा. तो फ्रीजमध्ये ठेवलाच तर पाकीट बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ पानांवर जमते आणि पुढच्या बैठकीची तुलना त्या ओलाव्यामुळे बिघडते.